चहा धरून रिकामं पोट

माझ्या आईला दोन वर्षं लोक आळशी म्हणत होते. तोंडावर कोणी हा शब्द वापरला नाही. आपल्याकडे त्याचे वेगळे शब्द असतात. "हल्ली थकल्यासारख्या दिसता." "जरा चालायला जात जा." "मनावर घेतलं की होतं सगळं." म्हणणाऱ्यांत मीही होते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि स्वतःला वगळून दुसऱ्यांवर चिडणं हा फुकटेपणा आहे.

मी पत्रकं लिहिते. कल्याणला आमचा एक छोटा गट आहे, बायकांच्या आरोग्यावर काम करणारा. वस्तीत जायचं, दहा-पंधरा बायका जमवायच्या, एका विषयावर बोलायचं आणि निघताना प्रत्येकीच्या हातात एक पान द्यायचं. ते पान माझं. गटातल्या एका जुन्या ताईंनी मला नियम शिकवलेले: अक्षर मोठं, विशेषण नको, 'कृपया' नको, आणि शेवटी काय करायचं ते एका शब्दात. तपासा. विचारा. मागा. चार वर्षं असं लिहिलं की माणूस घरीही तसंच बोलायला लागतं. बाबा म्हणतात, "ही जेवताना मीठ मागते तेव्हाही वाटतं, बाहेर मोर्चा उभा आहे."

आई बालवाडीत शिकवते. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, जिथे पूर्वी भातशेती होती आणि आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत. बालवाडी तिथल्याच एका जुन्या घराण्याची. त्यांच्या घरातले पुरुष एके काळी मिठागरात राबायचे, बायका शेतात. मग जमिनीला भाव आला. घरातल्या मोठ्या बाईंना स्वतःला शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या इमारतीचा तळमजला बालवाडीला दिला. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. आई तिथे पहिल्या दिवसापासून आहे. एकोणीस वर्षं झाली.

आईचा आवाज खणखणीत होता. पस्तीस मुलं वर्गात धुडगूस घालत असली तरी आईची एक "चला रेऽ" पुरायची. सगळ्यात आधी तो आवाज गेला. एकदम गेला नाही, जाड झाला. घशात काहीतरी ठेवून बोलतेय असं वाटायचं. मग पंख्याखाली तिला थंडी वाजायला लागली. एप्रिलच्या डोंबिवलीत, जिथे भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आई शाल घेऊन बसायची. मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके. चेहरा सुजट. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. मुलांची नावं विसरायला लागली. आणि झोप. भाजी निवडताना झोप, बातम्या बघताना झोप, कुकरची शिट्टी मोजताना झोप.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "पन्नाशी आली. या वयात होतं असं."

'या वयात होतं.' बाईला काहीही झालं तरी लागू पडणारं हे निदान आहे. वयात येताना होतं, बाळंतपणानंतर होतं, चाळिशीत होतं, पाळी जाताना होतं. मग कोणत्या वयात होत नाही ते तरी एकदा सांगा, म्हणजे त्या वयात आजारी पडू. मी दवाखान्यात तिथल्या तिथे म्हटलं, "रक्त तपासायला लिहून द्या." त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं, जणू हिला आवरा. आईने मला आवरलं नाही. थकली असेल.

रिपोर्ट आला. टीएसएच नावाच्या ओळीपुढे बावीस. तो चार-साडेचारच्या आत हवा. शेजारच्या काकूंनी कागद हातात घेऊन जाहीर केलं, "थायरॉइड वाढलाय. माझ्या जावेचापण वाढलाय." आणि आपल्या सगळ्या गावात हेच म्हणतात, थायरॉइड वाढला. वाढलेला नसतो. आईचा तर बसलेला होता.

हे मी नंतर शंभर वेळा समजावलंय, आणि आमच्या सोसायटीची टाकी सोडून दुसरं उदाहरण मला लागलेलं नाही. टाकी गच्चीवर, पंप खाली. टाकीतलं पाणी उतरलं की चौथ्या मजल्यावरचे काका खिडकीतून खाली ओरडतात, "पंप लाव रेऽ." पंप लागतो, टाकी भरते, काका गप्प. पंप बिघडला की काका ओरडतच राहतात. जितकं पाणी कमी, तितका काकांचा आवाज मोठा. तर रिपोर्टवरचा तो बावीसचा आकडा पाण्याचा नाही, काकांच्या ओरडण्याचा आहे.

काका म्हणजे पिट्युटरी. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी ग्रंथी. पंप म्हणजे गळ्यातली थायरॉइड. लाळेला नळी असते, घामाला असते. या ग्रंथींना नळी नाही, त्या आपला माल थेट रक्तात सोडतात, आणि रक्त तो घरोघर पोचवतं. म्हणून गळ्यातली एवढीशी गोष्ट बिघडली तर टाचेला भेगा पडतात आणि भुवईची टोकं विरळ होतात. हृदयाने किती जोरात चालायचं, आतड्याने जेवण किती वेळात पुढे ढकलायचं, अंगात किती ऊब ठेवायची, डोक्याने नाव किती पटकन शोधून काढायचं, या सगळ्यांचा वेग हे एक हार्मोन ठरवतं. ते कमी पडलं की आवाजाच्या पडद्यांनासुद्धा सूज येते. आईच्या अंगातला एकूण एक अवयव हळू चालला होता, आणि आम्ही तिला सांगत होतो, मनावर घे. मन काय वेगळ्या पाण्यावर चालतं?

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. पंप चालत नाही तर पाणी बाहेरून आणायचं. टँकर. एक छोटीशी पांढरी गोळी, जिच्यात तेच हार्मोन असतं, रोज सकाळी रिकाम्या पोटी. आईसाठी गोळी आली आणि मी पेटले. आठवड्याभरात पत्रक लिहिलं. टाकी, काका, पंप, सगळं त्यात घातलं. खाली मोठ्या अक्षरात: गोळी रोज घ्या. सकाळी रिकाम्या पोटी घ्या. गटाला आवडलं. आमच्या फ्रिजवरही एक चिकटवलं.

रोज सकाळी सहाला चहा मी करते. आईला कप आणि बशीत गोळ्या: ती छोटी पांढरी आणि हाडांसाठीची खडूसारखी मोठी कॅल्शियमची. विसरायला नको म्हणून दोन्ही एकदम. फ्रिजवरच्या पत्रकासमोरून बशी घेऊन मी रोज जायचे.

तीन महिन्यांनी आकडा अठरा. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग सतरा. मग पुन्हा एकोणीस. फॅमिली डॉक्टर म्हणाले, आता हार्मोनच्या डॉक्टरांनाच दाखवा. म्हणून आम्ही ठाण्याला गेलो, नौपाड्यात, जिन्यावर चपला काढाव्या लागतात अशा एका जुन्या दवाखान्यात. डॉक्टर वयस्कर, स्वच्छ, मोजकं बोलणारे. त्यांनी रिपोर्ट ओळीने लावले आणि आईला विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"नाही."

"नक्की?"

"एकही नाही."

"रिपोर्ट तसं म्हणत नाहीत," ते म्हणाले आणि गोळी आणखी वाढवली.

परतीच्या रिक्षात आई रिपोर्टची घडी घालत बसली. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना 'खोटं बोलायचं नाही' शिकवलेली बाई, आणि एका कागदाने तिला खोटं पाडलं. मी म्हटलं, "आई, खरंच नाही ना चुकत एखादी?" बशी मी आणत होते, तरी हे मी विचारलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला रिक्षातून उतरावंसं वाटलं.

मग मार्च आला. बालवाडीत डबा खाऊन झाला की मुलांना थोडा वेळ आडवं करतात. त्या दुपारी आई भिंतीला टेकून बसली आणि तिला झोप लागली. मुलीला लवकर न्यायला आलेल्या कुठल्या तरी पालकाने दारातूनच मोबाइल काढला. वर 'क कमळाचा' तक्ता, खाली आई, तोंड उघडं, हातात अर्धवट सोललेलं केळं. फोटो पालकांच्या ग्रुपवर. खाली कोणीतरी लिहिलं, 'मुलं जागी, टीचर झोपल्या.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

आईनेच मला तो दाखवला, त्या ग्रुपमध्ये तीही होती. बराच वेळ बघून म्हणाली, "केळं कोणाचं होतं गं? आठवतच नाहीये."

मी त्या पालकांविरुद्ध पत्रक काढायला बसले. आईने कागद उचलून नेला. "माझ्यावर पत्रक काढायचं नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या बाजूनेही नाही."

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या, पेढे घेऊन. फोटोचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "थकलीस तू गो. लय केलंस. आता जूनपासून घरी रा. मी नवीन पोरगी बघतंय."

"मला घरी नाही राहायचं बाई."

"पालक बोलतात ना पण. मना ऐकावं लागतं."

"शाळा उघडेपर्यंत थांबा," आई म्हणाली. त्या जाड आवाजात. "तोवर मी बरी होते."

"आणि नाय झालीस तं?"

"तर तुम्ही नका सांगू. माझी मी जाईन."

बाई गेल्यावर मी आईला म्हटलं, वर्षभर गोळी घेऊन फरक नाही, आता दोन महिन्यांत तू काय करणार आहेस? ती म्हणाली, "मला काय माहीत? तू आरोग्यवाली ना, शोध."

शोधलं मी नाही, ते माझ्या समोर आलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आंबिवलीला बैठक होती, स्टेशनपासून आत, एका ताईंच्या खोलीत. मी पत्रक वाचत होते. टाकीवर बायका हसल्या, काकांवर तर फारच. मग कामावरून थेट आलेल्या एक काकू म्हणाल्या, "हे सगळं मी करते. तरी माझा काका गप्प बसत नाही."

"रोज घेता ना गोळी?"

"रोज."

"रिकाम्या पोटी?"

"मग. उठल्या उठल्या, चहाबरोबर."

मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. "चहाबरोबर?"

"नाहीतर काय, कोरडी गिळू?"

"पण काकू, रिकाम्या पोटी सांगितलंय ना?"

"अगं, रिकामंच की. नुसता चहा असतो पोटात."

"चहा पोटातच जातो ना?"

"जातो गं," काकू समजुतीच्या सुरात म्हणाल्या, जणू मीच जरा मंद आहे. "पण चहा कोण धरतं?"

खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या. गोळी घेणाऱ्या पाच जणी होत्या. मी हात वर करायला लावले: चहाबरोबर कोण कोण? पाच हात. आणि त्याच वेळी घरातल्या ताई ट्रे घेऊन आल्या, माझ्यापुढे पहिला कप.

चहा कोण धरतं. बरोबर आहे, आमच्या घरी तरी कोण धरतं? आई सोमवार करते, चतुर्थी करते, एकादशी करते. निर्जळी सोडली तर चहा सगळ्या उपासांना चालतो. दुपारी चारला आई म्हणते, "सकाळपासून पोटात काही नाही," तेव्हा तिचे तीन चहा झालेले असतात आणि ते अगदी खरं असतं, कारण चहा हे काही खाणं नव्हे. पाहुण्याला नुसता चहा दिला तर आपण म्हणतो, काही घेतलंच नाही तुम्ही. बाबा एकदा उपाशीपोटी साखर तपासायला चहा पिऊन गेलेले आणि लॅबवाल्याशी भांडून आलेले. एवढं सगळं मला पाठ होतं. या माणसांत जन्मले, या माणसांसाठी पत्रक लिहिलं, आणि 'रिकाम्या पोटी' लिहून पुढे गेले. आकडा उतरत नाही म्हणून आईला विचारलं, चुकत नाही ना एखादी.

त्या संध्याकाळी मी आईसमोर बसून सांगितलं. चहातलं दूध आणि ती खडूची गोळी, दोघं मिळून त्या छोट्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. टँकर रोज येत होता, गेटवर आपणच गाडी आडवी लावत होतो.

आई म्हणाली, "म्हणजे वर्षभर गोळी फुकट."

"बशी मी आणायचे."

"तू आणायचीस, मी गिळायचे. अर्धं अर्धं वाटून घेऊ." आणि मग एकदम तिचा आवाज चढला, जेवढा चढू शकत होता तेवढा. "पण त्या डॉक्टरने चुकतात का विचारलं. कशाबरोबर घेता, हे एकदा विचारायला काय झालं होतं त्याला?"

हाच प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा नौपाड्यात गेलो. या वेळी मी घरून भांडण तयार करून नेलेलं, तीन मुद्दे, क्रमाने. पण आईने मला खुर्ची मिळायच्या आधीच सुरुवात केली.

"डॉक्टर, मी गोळी एकदाही चुकवली नाही. चहाबरोबर घेत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. खाण्याआधी."

"खाण्याआधीच घेत होते."

"चहाबरोबर."

"चहा खाणं नाही."

"मग काय आहे?"

"चहा आहे," आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहिते. त्यांनी मागे टेकून विचारलं, "किती जण अशी घेत असतील?"

"आंबिवलीत पाचातल्या पाच," मी म्हटलं.

"आणि मी वर्षानुवर्षं डोस वाढवतोय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी आईची गोळी कमी केली. मला वाटलं चूक झाली, पण नाही. ती चहाच्या हिशेबाने चढत गेलेली होती. आता सगळी रक्तात गेली तर वेग जास्त होईल, छातीत धडधड सुरू होईल. साध्या पाण्याबरोबर गोळी, मग निदान अर्धा तास, शक्यतो तास, काही नाही. दूध नाही, चहा नाही, कोरा चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. दीड महिन्याने रक्त तपासा. त्याआधी तपासून उपयोग नाही, हे हार्मोन अंगात हळूहळू साठतं आणि वाटाण्यातल्या काकांना गप्प व्हायलाही वेळ लागतो. दीड महिना म्हणजे जूनचा दुसरा आठवडा. शाळेच्या तोंडावर.

माफी मागितली नाही त्यांनी. पण पुढच्या पेशंटला त्यांनी दारातच विचारलेलं आम्ही ऐकलं, "गोळी कशाबरोबर घेता?" आई चप्पल घालताना म्हणाली, "शिकला."

आता तुम्ही म्हणाल, सुटला प्रश्न. चहा तासभर पुढे ढकलायचा, त्यात काय? तर ऐका. पहिल्या दिवशी सहाला मी आईला नुसतं पाणी आणि गोळी दिली. ती ओट्याशी गेली, बाबांचा डबा, माझी पोळी, आजचं दूध, आणि सातला आम्ही दुसरा चहा घेत बसलेलो तेव्हा तिचा कप ओट्यावर निवत पडलेला. "तुझा चहा?" म्हटलं. म्हणाली, "सकाळचा चहा म्हणजे मी दिवसातून एकदा बसते तेवढंच. तेही तू काढून घेतलंस." मी तिच्यावर ओरडणार होते. काय ओरडणार होते कुणास ठाऊक, तिचं सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सातच्या आत कोणालाच चहा नाही. आणि सातला सगळ्यांनी बसून. बाबांनी दोन दिवस निषेध म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला, तिसऱ्या दिवशी आले.

मग आम्ही पत्रक नव्याने लिहिलं. माझा मसुदा होता: गोळी घेतल्यानंतर तीस ते साठ मिनिटे कोणतेही अन्न अथवा पेय घेऊ नका. आईने वाचून विचारलं, "हे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"'पेय' म्हणजे त्यांना सरबत वाटेल. चहा लिही ना सरळ."

तिने माझं पेन घेतलं आणि बालवाडीतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: उठले. गोळी आणि पाणी. मग केर, मग अंघोळ. मग चहा. चहासुद्धा धरायचा. पेन परत देत म्हणाली, "चार वर्षांच्या पोराला कळेल असं लिहावं. म्हणजे मोठ्यांनाही कळतं." मी चार वर्षं पत्रकं लिहीत होते. असो.

जूनमध्ये आकडा सहा आला. सहा म्हणजे अजून पूर्ण ठीक नाही. आई बालवाडी उघडायच्या सकाळी आरशासमोर "चला रेऽ" म्हणून बघत होती. जाड होता अजून. पूर्वीच्या निम्मा. पण त्या महिन्याभरात दुपारी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती, आणि अंगठी एकदा भांडी घासताना आपोआप निघालेली. मी तिच्याबरोबर गेले. पिशवीत रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईला असं काढता येतं का, यावर मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेली दोन पानं.

बाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. मी पिशवीत हात घातला. आईने तो धरला.

"बरी झालीस?" बाईंनी विचारलं.

"होतेय. गोळी चुकीची घेत होते, आता नीट घेते. आवाज यायला अजून दोन-तीन महिने."

"झोपशील परत?"

"झोपले होते, खोटं नाही सांगत," आई म्हणाली. "परत कधी झोपले तर मला उठवायचं आणि विचारायचं, काय झालं. फोटो नाही काढायचा."

बाईंनी खाली बघितलं. त्या ग्रुपमध्ये त्यांची सून आहे, त्यांनाही तो फोटो घरात बसूनच दिसलेला असणार. "बरं," त्या म्हणाल्या. "एक म्हयना बघतंय मी."

"बघायचं तर आत येऊन बघा. बाहेरून काय दिसतं?"

आणि बाई खरंच आत येऊन बसल्या. मुलांच्या रांगेमागे, भिंतीशी, एका बुटक्या लाकडी खुर्चीवर, हात मांडीवर, तपासनीस आल्यासारख्या. मी व्हरांड्यात खिडकीशी. पहिला दिवस, निम्मी मुलं रडत होती. आईची हाक पोचेना. मग ती ओरडायचंच सोडून मुलांच्या मधोमध खाली बसली आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली. मला खिडकीतूनही ऐकू येत नव्हतं. ऐकू यावं म्हणून मुलं जवळ सरकली. रडणारी एक एक गप्प होत गेली, कारण रडलं की बाजूचं ढोसत होतं. बाहेर ढगाळलेलं, आत पंख्याची घरघर.

बाईंची मान एका बाजूला गेली. मग हनुवटी छातीवर. मग तोंड उघडलं.

माझा हात मोबाइलकडे गेला. विचार करून गेला नाही, सवयीने गेला: पुरावा. वर तोच 'क कमळाचा' तक्ता होता. एवढी न्यायाची चौकट मला पुन्हा मिळणार नव्हती. मी मोबाइल खिडकीपर्यंत उचलला होता, तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. रिक्षातल्यासारखंच. मी तो पिशवीत टाकला.

आईने ओठांवर बोट ठेवलं. सगळ्या मुलांनी ठेवलं. ती उठून बाईंजवळ गेली, खांद्याला हात लावला आणि वाकून विचारलं, "बाई, काय झालं? बरं नाही वाटत का?"

बाई दचकल्या. आधी आईकडे, मग ओठांवर बोटं ठेवलेल्या मुलांकडे पाहिलं. पदर सारखा केला. "नाय गो. काल लाइट नव्हती, डास चावत होते." मग म्हणाल्या, "हल्ली मना कवापण झोप येते. सून बोलते, वय झालं."

"वय नसेल," आई म्हणाली. "रक्त तपासा."

"तपासू?"

"तपासा. मी येते बरोबर."

बाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "उद्या साडेसातला उघड. पालक लवकर येतात." महिन्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

तर आई बालवाडीत आहे. आवाज ऑगस्टमध्ये बराचसा आला. पूर्वीइतका नाही आणि येणारही नाही कदाचित, पण आता ती म्हणते ओरडायची गरजच काय होती. ती दोन पानं माझ्याकडे तशीच आहेत. आणि तो फोटो अजून त्या ग्रुपवर आहे. काढणाऱ्याने काढून टाकलेला नाही, हसणाऱ्यांपैकी एकानेही विचारलेलं नाही. आई म्हणते सोड. मी सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात आईने त्याच ग्रुपवर, त्याच फोटोखाली, आमचं नवं पत्रक टाकलं. उठले, गोळी आणि पाणी, मग केर, मग अंघोळ, मग चहा. खाली अजून कोणी हसलेलं नाही. दोन आयांनी मात्र आईला वेगळा मेसेज करून विचारलंय: टीचर, कोरा चहापण धरायचा का?